माझ्या जावेचे चार हौद

माझ्या जावेला कंपनीनं गमबूट दिले, त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. बुटात तसं काय आहे हो? काळ्या रबराचे, गुडघ्याला टेकणारे, सोलापूरच्या उन्हात पाय उकडून काढणारे बूट. मला कुणी दिले असते तरी मी ते घालून चार पावलं चालले नसते. पण ते तिला दिले आणि मला दिले नाहीत. एवढ्यावर बाईमाणूस किती जळू शकतं ते मी सांगते, कारण मी जळले आहे.

आधी आम्ही दोघी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ती माझ्या धाकट्या दिराची बायको. आमचं घर अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला. दोन खोल्या माझ्या, दोन तिच्या, मध्ये एक भिंत. भिंत अशी, की तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. आम्ही दोघी टॉवेलच्या एका कारखान्यात कँटीनला कामाला. मी भाकऱ्या थापायला, ती भाजी चिरायला. मी तिथं जुनी. दीर माझा यंत्रमागावर होता, जिन्यावरनं पडून त्याचा पाय अधू झाला आणि घर बसलं, तेव्हा मुकादमाच्या हातापाया पडून हिला मी कामाला लावलं. “तिला मीच लावलं” हे वाक्य मी त्या दिवसांत मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं, की देवाचं नाव तेवढं घेतलं असतं तर काही पुण्य तरी लागलं असतं.

तर झालं असं. आमच्या कारखान्याचे टॉवेल परदेशात जातात. तिकडचं गिऱ्हाईक पूर्वी विचारायचं, टॉवेल मऊ आहे का, पाणी पितो का, रंग सोडत नाही ना. आता ते विचारायला लागलं, हा टॉवेल करताना तुम्ही हवेत घाण किती सोडली? सोडताय ती कमी करा, उरेल तेवढी झाडंबिडं लावून भरून काढा, आणि शेवटी शून्य करून दाखवा. नाहीतर आम्ही दुसरीकडून घेऊ. मग काय, साहेबलोकांची पळापळ सुरू झाली. छपरावर सोलरच्या काचा बसल्या. बॉयलरमध्ये दगडी कोळसा जायचा तो बंद झाला, आणि शेंगांची टरफलं नि भुसा दाबून केलेल्या कांड्या यायला लागल्या. एवढं सगळं करून झाल्यावर त्यांची नजर फिरत फिरत आमच्या कँटीनच्या मागच्या दाराशी आली, जिथं आम्ही खरकटं टाकत होतो.

नजर आणली ती एका मॅडमनं. पोरगीच होती, माझ्या नातीच्या वयाची. डोक्याला पिवळी टोपी, पायात बूट, आणि हातात कायम एक पॅड नि कागद. तिला कंपनीनं ह्याच कामाला ठेवलेली. एक दिवस जेवणं उरकल्यावर तिनं आम्हा सगळ्या बायकांना गोळा केलं.

“मावशी, हा कचरा गाडीतनं डेपोवर जातो,” ती मला म्हणाली, कारण सगळ्यांत म्हातारी मी. “तिथं तो ढिगाखाली दबतो. त्याला हवा मिळत नाही. मग तो आतल्या आत सडतो, आणि त्यातून एक वायू निघतो. धुरापेक्षा वाईट.”

“म्हंजी पोटात गुबारा धरल्यावानी?” मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. पण मॅडम हसली नाही. म्हणाली, “अगदी तसंच, मावशी. म्हणून आपण तो इथंच, हवेशीर, खत करून जिरवायचा. तेच खत बागेला घालायचं. तुमच्यातल्या कुणाला ह्यातलं कळतं?”

मला कळतं का! अहो, मी नातेपुत्याकडची, मेंढरं राखणाऱ्याची लेक. आमच्या वडलांची मेंढरं शेतकरी लोक आपल्या रानात बसवायला बोलवायचे. रात्रभर मेंढरं रानात बसली की त्यांच्या लेंड्यांनी नि मुतानं जमीन अशी पोसायची, की पुढं दोन पिकं काही घालायला नको. त्यासाठी पाळी लागायची आमच्या वडलांकडं. बाकीच्या पोरींच्या माहेराला सोनं असतं, घर असतं. माझ्या माहेराला खत होतं. तेव्हा मॅडमनं विचारल्याबरोबर मी उठून उभीच राहिले.

कँटीनच्या मागं कडुलिंबाच्या झाडाखाली माळ्यानं पाला नि भाजीच्या देठांचा एक जुना ढीग घालून ठेवला होता. मॅडम आम्हाला तिकडं घेऊन गेली. म्हणाली, “हे खत झालंय की नाही, कसं ओळखायचं?”

मी सुरू केलं. वडलांपासनं सुरू केलं. मेंढरं कशी बसवायची, कुठल्या रानाला किती रात्री, लेंडीखत गरम का आणि शेणखत थंड का, उकिरडा सावलीला का असावा, त्याला पाऊस कसा लागू द्यायचा नाही. मी बोलत होते आणि मॅडम मान हलवत होती. मला वाटलं, काम झालं. एवढ्यात माझी जाऊ ढिगापाशी उकिडवी बसली, बांगड्या वर सारल्या, आणि कोपरापर्यंत हात आत घातला. एक मूठ बाहेर काढली. नाकाशी नेली. बोटांनी चुरली.

“वरचं झालंय,” ती म्हणाली. “आतलं आजून गरम हाय. पंधरा दिस थांबा, मग मोडा.”

मी बोलायची थांबले. मॅडम तिच्या हाताकडं बघत होती. कोपरापर्यंत काळा झालेला हात.

“ताई,” मॅडम म्हणाली, “उद्यापासून तुम्ही इकडं.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मला ती मावशी म्हणते आणि हिला ताई. आता ह्यात काही चूक नव्हती, माझं वय मावशीचंच आहे. पण लागायचं ते लागतंच. मी म्हटलं, “आन् मी वो?”

“मावशी, तुमच्या भाकऱ्यांशिवाय कँटीन चालायचं नाही!”

गोड बोलून माणसाला होता तिथंच बसवायचं, हे आजकालची शिकलेली पोरं फार छान करतात. मी गेले आणि भाकऱ्या थापल्या. त्या दिवशी दोन भाकऱ्या करपवल्या, मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही.

मग विटांचे चार हौद बांधून झाले. भिंतींना जाळीसारखी भोकं, हवा खेळावी म्हणून. वर पत्रा. आणि माझ्या जावेला एकेक वस्तू मिळायला लागली. आधी गमबूट. मग लांब दांड्याचं थर्मामीटर, ढिगात खुपसून ताप बघायचं. मग एक वही. आणि मग कार्ड. कार्ड म्हणजे गळ्यात अडकवायचं, निळ्या पट्टीचं, त्यावर तिचा फोटो. आम्ही ठेकेदाराकडच्या बायका. आम्ही गेटवर अंगठा नाहीतर सही करून, झडती देऊन आत जायचं. ती मात्र थेट कंपनीची झाली. कार्ड दाखवायची आणि सरळ आत. आधी ती माझ्यासाठी आत थांबायची. मीच म्हटलं, “जा की पुडं, सायबीणबाई, खोळंबा कशाला.” दुसऱ्या दिवसापासनं ती खरंच पुढं जायला लागली, तर त्याचाही मला राग.

घरी आल्यावर ते कार्ड ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. खिळा तिच्या भिंतीला, पण माझ्या उंबऱ्यात बसलं की नेमका दिसायचा. मी बसायची जागा बदलली. तर तिथनं तिचे बूट दिसायला लागले, धुऊन उलटे टांगलेले.

माझ्या शेजारी भाकऱ्या भाजणारी एक बाई होती, तोंडाची फटकळ. ती मला रोज टोचायची. “काय वो, जाऊ लई मोटी झाली की तुमची! आता घरात बी तिलाच इचारून भाजी करता व्हय?”

“मोटी कशाची,” मी म्हणायची. “खरकट्यात हात घालती आन् काय.”

“घालती खरं, पर कार्ड घालून घालती!”

आणि ती खदाखदा हसायची, आणि मी काठवटीत पिठाला असं बडवायची की बाकीच्या वळून बघायच्या.

पण हौद मात्र चांगले चालले होते. हे मला नाकारता येत नव्हतं, कारण पाणी प्यायच्या निमित्तानं मी रोज एकदा मागं जाऊन बघून यायची. ओल्या भाजीच्या देठांवर ती सुका पाला घालायची, थर्मामीटर खुपसायची, वहीत आकडा मांडायची. माझी जाऊ अक्कलकोटच्या पलीकडची, माहेरी कानडी बोलतात. ती एकेका हौदापाशी वाकून विचारायची, “ऊटा आतेन?” म्हणजे, जेवलास का. म्हशीला विचारावं तसं. मला ऐकू यायचं नि अंगाचा तीळपापड व्हायचा. आमच्या वडलांनी एवढी मेंढरं राखली, पण उकिरड्याशी असं लाडानं बोलल्याचं मला आठवत नाही.

पहिलं खत निघालं तेव्हा मॅडमनं ते गेटजवळच्या गुलाबाला घातलं. मोठे साहेब स्वतः आले, मूठभर हातात घेतलं, वास घेतला, आणि म्हणाले, “अरे, ह्याला तर मातीसारखाच वास येतोय!” मग नोटिशीच्या फळ्यावर तिचा फोटो लागला. हातात खत आणि तोंडभर हसू. मी ठरवलं, जाता-येता त्या फळ्याकडं बघायचंच नाही. आणि असं ठरवल्यामुळं मला जाता-येता दुसरं काही दिसेना.

ज्या दिवशी तो फोटो लागला, त्याच दिवशी दुपारी ती माझ्याकडं आली. मी चूल आवरत होते. तिचे बूट दारातच काढलेले, कार्ड गळ्यात.

तोवर असं होतं, की उरलेल्या भाकऱ्या एक गोठेवाला येऊन न्यायचा. तो यायचा बंद झाला. भाकऱ्या साठायला लागल्या, आणि मॅडमनं सांगितलं, त्याही हौदात घाला. आता आमच्यात भाकरी अशी उकिरड्यात टाकत नाहीत. उरली तर वाळवतील, म्हशीला घालतील, पण टाकायची नाही. जावेचा हात धजेना.

ती म्हणाली, “अक्का, कोरडी भाकरी तितं टाकायची म्हंजी कसंतरीच वाटतंय बगा. आमच्या हितं म्हशीला आंबोण करत्यात न्हवं, तसं करू का? भाकरी पाण्यात भिजवायची, उरलेली आमटी घालायची, मळून घालायची. म्हंजी टाकल्यासारकं हुणार न्हाय, खाऊ घातल्यासारकं हुईल. चालंल का? तुमास्नी खतातलं लई कळतंय.”

तुमास्नी खतातलं लई कळतंय. एवढे दिवस मला कुणी तरी हे म्हणावं म्हणून मी तडफडत होते. आणि म्हटलं ते तिनं, फळ्यावर फोटो लागल्यानंतर.

मला सगळं लख्ख दिसलं बघा. उकिरडा म्हणजे म्हैस नव्हे. त्याला ओलं हवं तसं कोरडंही हवं, नि मधून हवा हवी. पातळ आंबोण ओतलं की सगळा ढीग गच्च बसणार, हवा कोंडणार, आणि जे डेपोवर होत होतं तेच हौदात होणार. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तेच उलटं. मॅडमनं आम्हाला सांगितलं होतं, आणि मला तर न सांगताही ठाऊक होतं.

मी म्हटलं, “घाल की. ते बी खाणारंच हाय.”

एवढं म्हणून थांबले असते तर एक वेळ म्हणता आलं असतं, की तोंडातनं निघून गेलं. पण ती वळली आणि मी मागनं हाक मारून म्हटलं, “आन् चांगलं पातळ कर, म्हंजी आत मुरंल.”

ती “बरं अक्का” म्हणाली आणि बूट घालून गेली.

तिनं एक मोठं पिंप मिळवलं. त्यात भाकऱ्या, आमटी, उरलेला भात, चहाचा गाळ. हातानं कालवायची आणि बादलीनं चारी हौदांना सारखं वाटायची, कुणाला कमी नको नि जास्त नको. मी बघत होते. दोन-तीन दिवस काही झालं नाही. मला तर वाटायला लागलं, हिचं नशीब असं की ह्यातनंही चांगलंच निघणार.

मग वास सुटला. आधी पीठ जास्त आंबल्यासारखा. मग गटारीसारखा. विटांच्या भोकांतनं काळं पाणी पाझरायला लागलं, आणि वर पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या. वारं सुटलं की तो वास थेट पॅकिंगला जायचा. तिथं तयार टॉवेल घड्या घालून ठेवलेले असतात. टॉवेल मेला पाणी पितो तसाच वासही पितो. पॅकिंगच्या पोरी नाकाला टॉवेल लावून काम करायला लागल्या, आणि एकीनं जाऊन सांगितलं, की साहेब, टॉवेललाच वास यायला लागलाय.

मोठे साहेब कँटीनच्या मागं येऊन ओरडले ते मला चुलीपाशी ऐकू आलं. “परदेशातनं लोक बघायला यायचेत! त्यांना हे दाखवू? सोमवारपर्यंत वास गेला नाही, तर हौद पाडून टाका आणि पहिल्यासारखी गाडी बोलवा!”

मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं होतं, थोडा वास येईल. मॅडम तिला थोडं बोलेल. मग कुणीतरी म्हणेल, मावशींना विचारा की. आणि मी पदर खोचून, हात झटकत, सावकाश जाईन. एवढंच. हौद पाडतील हे माझ्या डोक्यात नव्हतं. हौद पाडले तर तिचं काम गेलं, कारण भाजीला तिच्या जागी दुसरी बाई केव्हाच लागली होती. आणि दीर घरात पाय धरून बसलेला.

आणि तरीही मला कुणी बोलवलं नाही.

त्या दिवशी तिच्या घरातनं फोडणीचा ठसका आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी भिंतीला टेकून बसायची आणि ऐकायची. दीर एकदा म्हणाला, “खाऊन घे गं.” आणि ती म्हणाली, “भूक न्हाय.” तिसऱ्या दिवशी मी डाळ घालून थोडं कालवण केलं आणि वाटी भरून दारात नेली. तिनं ती घेतली आणि म्हणाली, “अक्का, माजंच काय तरी चुकतंय.” मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “जेव आदी,” आणि परत आले.

शुक्रवारी मॅडम हौदापाशी आली. मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले होते. मॅडमचं तोंड उतरलेलं, तिलाही वरनं बोलणी बसली असणार. तिनं काठीनं ढीग उकरला. आतनं भाकरीचा लगदा निघाला.

“ताई, हे एवढं ओलं कसं? हे भिजवून घातलंय का? कुणी सांगितलं तुम्हाला?”

जावेनं माझ्याकडं बघितलंही नाही. खाली बघून म्हणाली, “कुणी न्हाय मॅडम. माज्याच मनानं केलं.”

तिला काय वाटत होतं, ते मला आजही कळलेलं नाही. माझ्याकडनं नकळत चूक झाली आणि मला बोलणी बसू नयेत, असं वाटलं असेल. मला वाचवत होती ती. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही माझ्या पोटात पहिली कळ आली ती हेव्याची. कार्ड तिचं, बूट तिचे, हौद तिचे, फोटो तिचा, आणि आता मोठं मनही तिचंच. मला काही शिल्लक ठेवायचं की नाही?

“मी सांगितलं,” मी म्हटलं.

मॅडम वळली. तिचा जीव जरा भांड्यात पडल्यासारखा दिसला. “असं होय! अहो मावशी, तुम्हाला माहीत नसेल. ह्यातलं सगळ्यांनाच थोडंच कळतं? चुकून सांगितलं असेल.”

केवढी सोपी वाट दिली होती पोरीनं. मी नुसती मान हलवली असती तर सुटले असते. जावेनंही मान वर केली होती, तीही मी हो म्हणायचीच वाट बघत होती. पण हो म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? की मला खतातलं कळत नाही. मेंढरं बसवणाऱ्याची लेक, आणि उकिरड्याला पाणी चालत नाही एवढं तिला ठाऊक नाही. ज्याच्यासाठी एवढी जळले, तेच मला येत नाही, असं माझ्याच तोंडानं, चार बायकांत, कबूल करायचं.

“मला म्हाईत हुतं,” मी म्हटलं. “पानी घातलं की सडणार, हे म्हाईत हुतं. म्हाईत असून सांगितलं.”

लोकांना वाटेल, म्हातारीला पश्चात्ताप झाला, म्हणून खरं बोलली. तसं काही नव्हतं. खरं निघालं ते माझ्या अहंकारापोटी. वाईट म्हणवून घेणं मला चाललं, अडाणी म्हणवून घेणं चाललं नाही.

माझी ती फटकळ शेजारीण तवा तसाच टाकून दारात आली होती. माझी जाऊ माझ्याकडं बघत राहिली.

“म्हाईत हुतं?” तिनं विचारलं.

“व्हय.”

तिनं पुढं काही विचारलं नाही. का केलं, हे तर मुळीच नाही. दाताळं उचललं आणि ती पहिल्या हौदातला लगदा बाहेर ओढायला लागली, माझ्याकडं पाठ करून. मला वाटलं ओरडावं तिनं, चार शिव्या घालाव्यात. भांडण झालं असतं तर मी त्यातही चांगली आहे.

मॅडमनं काठी खाली ठेवली आणि म्हणाली, “मावशी, आता काय करायचं ते सांगा. ह्या वेळी खरं सांगा.” तिच्या आवाजात पहिल्यासारखा गोडवा नव्हता.

मी सांगितलं. चारी हौद रिकामे करा. सावलीला पातळ पसरा, वारं लागू दे. बॉयलरच्या शेडमध्ये कांड्यांतनं सुटलेला भुसा नि टरफलं पडलेली असतात, ती पाट्या भरभरून आणा. एक पाटी ओलं तर दोन पाट्या कोरडं. पिकलेलं जुनं खत आहे ते मध्येमध्ये घाला, दुधाला विरजण लावतो तसं. थोडं शेण. आणि रोज खालचं वर, वरचं खाली करा. भाकरी घालायची तर चुरून, कोरडी. जीव धजत नसेल तर डोळे मिटून घाला.

सगळं सांगून झाल्यावर मी उभी राहिले, आता मॅडम मला जा म्हणेल म्हणून. ती कागदावर लिहून घेत राहिली. मग मीच पाटी उचलली.

शुक्रवार, शनिवार, रविवार, भाकऱ्या आटोपल्या की मी मागं. रविवारी कारखाना बंद, तरी आम्ही दोघी गेलो. मी सही करून, ती कार्ड दाखवून. घरातनं एकाच वेळी निघालो, पण ती चार पावलं पुढं. तिकडं ती ओढायची, मी भुसा मिसळायची. अळ्या, वास, घाम, हाताला फोड. तीन दिवसांत ती माझ्याशी एकच शब्द बोलली. “सरा.” मी वाटेत उभी होते तेव्हा. मला अक्कासुद्धा म्हणाली नाही.

सोमवारी मोठे साहेब आले. नाक पुढं करून चारी हौदांभोवती फिरले. वास होता, पण ओल्या भुशाचा, गोठ्यात येतो तसला. पॅकिंगला तर काहीच नव्हता. “ठीक आहे,” म्हणाले आणि गेले. हौद वाचले. मॅडमनं त्यांना माझं नाव सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर उपकार म्हणून की जावेला वाचवायला, मी विचारलं नाही.

पुढं ते परदेशातले लोक आले. गोरे, उंच, डोक्याला आमच्याच टोप्या घातलेले. हौदापाशी बराच वेळ उभे राहिले. मी खिडकीतनं बघत होते. ते त्यांच्या भाषेत विचारायचे, मॅडम ते हिला मराठीत सांगायची, आणि ही हात हलवून हलवून सांगत होती, “एक पाटी वलं, दोन पाट्या कोरडं, आन् रोज खालवर.” त्यातल्या एका बाईनं तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. माझे शब्द, माझं प्रमाण, तिच्या तोंडातनं निघून परदेशात चालले होते. आणि एवढं सगळं होऊनसुद्धा, सांगू का, मी तवा इतका तापवला की भाकरी फुगायच्या आधी काळी पडली. हेवा असा जात नाही हो. मला वाटलं होतं, एकदा केलेलं कबूल केलं की हेवाही निघून जाईल. तो तिथंच बसला होता, वर लाजही येऊन बसली.

आता आम्ही बोलतो. दिवाळीच्या पुढंमागं कधीतरी तिनं सुरू केलं. दारात उभी राहिली आणि म्हणाली, “अक्का, ज्यूसवाल्याकडनं डाळिंबाच्या साली यायच्या हायत, पोतीच्या पोती. हौदात घालू का?”

ती मला ‘अक्का’ म्हणाली, आधी तेवढंच मला ऐकू आलं. मग मी म्हटलं, “आक्ख्या नको. ठेचून, वाळवून, थोड्या थोड्या घाल. संगं भुसा जास्ती.”

ती गेली नाही. माझ्या तोंडाकडं बघत तिथंच उभी राहिली.

“खरं सांगताय न्हवं?”

टोमणा नव्हता त्यात. टोमणा मला बरोबर ओळखू येतो, मी जन्मभर मारलेत. ती खरंच विचारत होती.

“खरं,” मी म्हटलं.

तेव्हापासून ती मला विचारते, अंड्यांच्या टरफलांचं विचारते, लिंबाच्या पाल्याचं विचारते, आणि दर वेळी मी सांगून झालं की तेवढंच पुन्हा विचारते, खरं न्हवं? काल तिनं विचारलं, पानगळीचा पाला वाळलेलाच घालायचा का. मी म्हटलं, व्हय. आणि तिनं विचारायच्या आधीच म्हटलं, खरं. तरी ती थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि मग गेली.